‘हेच आमंत्रण समजावे’ आणि विलायती पत्रांतला नकार

‘धिस पेमेंट शुड नॉट बी कन्स्ट्रूड ॲज ॲन ॲडमिशन ऑफ लायबिलिटी.’ इंग्लंडमध्ये एखाद्या तक्रारीनंतर थोडे पैसे परत मिळाले की सोबतच्या पत्रात बऱ्याचदा हे वाक्य असते. जळगाव-धुळ्याकडून नव्याने आलेली मुले ते वाचून दोनपैकी एका बाजूला घसरतात. कुणाला वाटते, त्यांनी चूक कबूल केली. कुणाला वाटते, त्यांनी चूक साफ नाकारली. वाक्यात दोन्ही नाही. ‘हे पैसे म्हणजे आमची कबुली, असा अर्थ लावू नये’ एवढेच ते सांगते. चूक कोणाची, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

मला या रचनेचा राग येतो, कारण तिच्यात माणूसच सापडत नाही. शाळेत आपल्याला प्रयोग बदलायला शिकवले: कर्ता उचलायचा, ‘बाय’ लावायचा, वाक्याच्या शेवटी ठेवायचा. इथे ‘बाय’ नसतेच. अर्थ कोणी लावू नये? तुम्ही, तुमचा वकील, उद्या प्रकरण वर गेले तर न्यायाधीश, सगळ्यांनीच. ‘तुम्ही चुकीचे समजू नका’ असे तोंडावर म्हटले तर समोरच्याच्या समजुतीवरच शंका घेतल्यासारखे होते. कर्ता काढला की तो डंख जातो. हे सौजन्य खरे आहे, ते मान्य करायला हवे.

पण मराठीला त्यासाठी एवढी कसरत लागत नाही. ‘असा अर्थ काढू नये.’ ‘नये’ हे आपले क्रियापद कर्त्यावाचून आरामात उभे राहते. कर्ता हवाच असेल तर ‘वाचकाने’ म्हणून आधी बसतो, आणि अनेक अर्थ असतील तर ‘काढू नयेत’ होते. इंग्रजीचे ‘शुड नॉट बी’ हे तीन शब्द एका ‘नये’त मावतात. मग आपल्याच कायद्यांच्या मराठीत ‘असा अर्थ लावण्यात येणार नाही’ कशाला, असा प्रश्न पडतो. त्यालाही कारण आहे. मूळ इंग्रजीत ‘शॅल नॉट’ असते, म्हणजे बंधन. आणि ‘नये’ सल्ल्यासारखे ऐकू येते. तेव्हा भाषांतरकाराला दोष देणार नाही. साध्या पत्रात मात्र ‘नये’च शोभते.

‘कन्स्ट्रू’ हा शब्द नीट ओळखून घ्यावा. तो लॅटिनमधल्या रचणे-बांधणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. लॅटिन शिकणारी मुले वाक्यातले शब्द क्रमाने जुळवून अर्थ सांगत, त्याला कन्स्ट्रू करणे म्हणत. संस्कृतच्या तासाला आपण अन्वय लावायचो, अगदी तेच. म्हणून त्याला ‘अर्थ लावणे’ हाच नेमका मराठी शब्द. याच नात्याने कायद्याच्या कागदात ‘कन्स्ट्रक्शन ऑफ धिस क्लॉज’ दिसले तर त्याचा बांधकामाशी काही संबंध नसतो. तो त्या कलमाचा अर्थ लावण्याचा विषय असतो.

क्रियापद बदलले की मागचे छोटे शब्दही बदलतात, आणि चुका तिथेच होतात. ‘कन्फ्यूज्ड विथ’ हे सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींसाठी. लेवा गणबोली आणि अहिराणी यांची गल्लत करू नये, हे सांगायला तेच हवे. आधी कोणतीही बोली लिहिली तरी इशारा तोच राहतो. ‘मिस्टेकन फॉर’चे तसे नाही. इथल्या बाजारात केळ्यांशेजारी प्लँटेन ठेवलेले असते, पिठूळ आणि शिजवून खायचे. रावेर-यावलच्या माणसाला ते पाहून क्षणभर आपल्याकडचेच केळे वाटेल. ‘प्लँटेन शुड नॉट बी मिस्टेकन फॉर बनाना’ म्हणताना हातात प्लँटेन असते आणि चुकीची समजूत केळ्याची असते. नावे उलटी केली तर अर्थही उलटतो.

‘टेकन’ आपल्याला सोपे जावे, कारण मराठीत औषधही ‘घेतात’ आणि अर्थही ‘घेतात’. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये विषारी द्रव्यांच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, खरखरीत कंगोऱ्यांच्या असत, म्हणजे अंधारातही हाताला कळावे. काचेवरच उठावाची अक्षरे असत: ‘नॉट टू बी टेकन’. पोटात घेऊ नये. ‘शुड’ नसताना नुसते ‘नॉट टू बी’ आले की सूर ताकिदीचा असतो. जाता जाता: ‘शुड नॉट बी अंडरएस्टिमेटेड’ म्हणजे कमी लेखू नये. तिथे ‘कॅनॉट’ घातले तर शब्दशः ‘कितीही कमी लेखले तरी कमीच’ असे होते, आणि कौतुकाचा अपमान होतो.

सगळ्यात जड शब्द ‘डीम्ड’. तो आपल्याला इथे येण्याआधीपासून माहीत आहे. ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आमंत्रण समजावे.’ पत्रिका मिळालेली नाही, तरी मिळाली असे धरायचे. इंग्लंड-वेल्सच्या दिवाणी नियमांत फर्स्ट क्लास टपालाने पाठवलेला न्यायालयीन कागद (दावा सुरू करणारा मूळ अर्ज सोडून) सोमवारी टाकला तर बुधवारी पोचला असे धरतात, म्हणजे टाकल्याचा दिवस न मोजता दुसऱ्या दिवशी. तो दिवस कामकाजाचा नसेल तर पुढचा कामकाजाचा दिवस. ‘मला मिळालाच नाही’ या उत्तराने ती तारीख हलत नाही. ‘प्रिझ्यूम्ड’ मात्र सौम्य. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. म्हणजे पुरावा आणून ती खोडता येते.

भाडेकरारात ‘शॅल नॉट बी डीम्ड अ वेव्हर’ असेल तर विशेष सावध राहावे. घरमालकाने दोन महिने उशिराचे भाडे निमूट घेतले, म्हणून मुदतीचा हक्क सोडला असे धरायचे नाही, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या महिन्यात तो वेळेवरच मागू शकतो. ‘तसं नही ना, भाऊ’ म्हणून भागत नाही.

वाचताना नकार कशाला चिकटला आहे ते आधी पाहावे. तो समजुतीला चिकटलेला असतो, वस्तुस्थितीला नाही. ‘हे पत्र म्हणजे नोकरीचा देकार समजू नये’ याचा अर्थ नोकरी नाकारली असा होत नाही. ‘याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नये’ याने धोका आहे असेही ठरत नाही. मग ‘ॲज’ किंवा ‘टू मीन’च्या पुढचे शब्द अधोरेखित करावेत, लिहिणाऱ्याला भीती नेमकी त्याच शब्दांची असते.

आणि आपणही हे वाक्य वापरावे. सगळ्या मुद्द्यांना उत्तर द्यायला वेळ नसेल, तर पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, एका ओळीत: ‘माय सायलेन्स ऑन एनी पॉइंट शुड नॉट बी टेकन ॲज ॲग्रीमेंट.’ एखाद्या मुद्द्यावर मी बोललो नाही, म्हणून तो मला मान्य आहे असे समजू नये.