बडोद्याहून कार्ल्सरुहेला: बॅग मागे राहिली तेव्हा

विमान पहाटे साडेचारचे, तेही अहमदाबादहून, आणि आम्ही दांडिया बाजारातले घर आदल्या रात्री आठच्या आत सोडले. "अगं, एवढ्या लवकर जाऊन तिथे करायचं काय?" असे मामाने दोनदा विचारले. पण तारीख होती 26 सप्टेंबर 2025, ऐन नवरात्र. नऊ वाजले की बडोद्यातला प्रत्येक रस्ता गरब्याच्या मैदानाकडे वळतो, मग तुम्हाला कुठेही जायचे असो. एक्स्प्रेस वे 93 किलोमीटरचा, तो दीड तासात संपतो. त्या दिवसांत वेळ जातो तो घरापासून त्याच्या तोंडाशी पोचण्यात. जर्मनीचे हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे बडोद्यातून निघणाऱ्या बहुतेकांची निघायची वेळ नवरात्राच्याच आगेमागे येणार. विमानाची वेळ ठरवताना हे धरून चाला.

मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इंजिनिअरिंग केले आणि पुढच्या शिक्षणासाठी कार्ल्सरुहेला आले. माझी एक मोठी बॅग माझ्याबरोबर उतरलीच नाही, ती तिसऱ्या दिवशी आली. मधले दिवस फारसे अडले नाहीत, कारण लागणारे जवळजवळ सगळे माझ्या खांद्यावर होते. ते तसे कसे झाले आणि कुठे चुकले, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी नावाचे सांगते, कारण माझा सर्वांत जास्त वेळ त्यात गेला. आपल्या गुजरातच्या गुणपत्रिकांवर आडनाव पहिले, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र. मी विद्यापीठाचा अर्ज गुणपत्रिका समोर ठेवून भरला, आणि प्रवेशपत्रावर वडिलांचे नाव माझे आडनाव होऊन आले. ई-मेल पाठवून ते दुरुस्त व्हायला दोन आठवडे लागले, आणि व्हिसाची तारीख तोंडावर होती. पहिल्या अर्जापासून विमानाच्या तिकिटापर्यंत जिथे जिथे नाव लिहाल, तिथे पासपोर्ट उघडून अक्षर अन् अक्षर तसेच लिहा.

कागदांत एपीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या गुणपत्रिका-पदव्या तपासून जर्मनीच्या केंद्राने दिलेला दाखला, सगळ्यात आधी मिळवा. भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचे आहे आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि महिन्याच्या हप्त्यानेच काढता येणारे खाते. मी गेले तेव्हा त्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागत होते, म्हणजे महिन्याला 992. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत "जर्मनीत शिक्षण फुकट" असे ऐकू येते. कार्ल्सरुहे ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1,500 युरो फी आहे. कर्जाची रक्कम ठरवताना बाबांनी ती धरली होती म्हणून आम्ही तरलो. आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे विमानातून उतरल्या उतरल्या हाताला लागत नाहीत. तिथे पत्ता नोंदवून, बँकेत खाते उघडून मगच महिन्याचा हप्ता सुरू होतो. तोवरचे घरभाडे, अनामत, खाणेपिणे हे सगळे फॉरेक्स कार्डवर हवे. मी कार्डावर सहा आठवड्यांचा खर्च ठेवला आणि रोख 400 युरो नेले, तेही 10 आणि 20 च्या नोटांत. मोठी नोट पाहून लहान दुकानदार मान हलवतात.

आता बॅग. बडोद्यातल्या मराठी घरातून मुलगी परदेशी निघाली की बॅग तिची एकटीची राहत नाही. मावशीचे अनारसे, आत्याची पुरणपोळी, आजीचे साजूक तूप, वर शेजारच्या बेन दारात उभ्या: "बेटा, थेपलां तो लेती जजे." यातल्या कुणालाही नाही म्हणणे फार जड जाते, आणि म्हणूनच नियम आधी वाचून घरात मोठ्याने सांगून ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाची वडी नाही. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, अंगणातल्या तुळशीचे बी हेही नाही, रोपांच्या रोगराईच्या भीतीने त्यांना वेगळा दाखला लागतो. अख्खे सुके खोबरे विमानवाले घेत नाहीत, कारण त्यात तेल इतके असते की ते आपोआप तापून पेटू शकते. आणि खसखस! जाण्याचा मार्ग संयुक्त अरब अमिरातीतून असेल तर खसखशीचा दाणाही बरोबर नको. तिथे ती अफूच्या नियमात येते आणि तो गुन्हा धरतात. मावशीच्या अनारशांवर खसखस थापलेली होती. तिला हे सांगताना माझा आवाज जड झाला, पण तिने रात्री बसून माझ्यासाठी साध्या शंकरपाळ्या केल्या, तेलाचे मोहन घालून. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात खसखस पडली आहे का, हे करणारीला विचारून घ्या.

तुपाचे दुःख मात्र करू नका. इथल्या दुकानात 'बुटरश्माल्झ' नावाने कढवलेले लोणी मिळते, आणि मीठ नसलेले लोणी घरी कढवले तर आजीच्या तुपाच्या अगदी जवळ जाते.

डाळी, पोहे, मसाले, भाखरवडी, खाकरे आले, काही अडले नाही. कुकर आणला तो बरे केले, पण तळ इंडक्शनला चालतो का ते पाहून घ्या. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट, म्हणून फक्त पिन बदलायची. मी इथला एक अॅडॉप्टर आणि घरचे एक्स्टेन्शन बोर्ड आणले, सगळे चार्जर त्यावर चालतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि 100 वॉट-अवरपर्यंतच विनापरवाना चालते. लोणचे उलट मोठ्या बॅगेत, कारण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि हातातल्या पातळ पदार्थांना 100 मिलिलिटरचा नियम तिथे काटेकोर असतो. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चष्मा दुसरा आणि नंबराचा कागद, आणि दाढ दुखत असेल तर ती आधीच भरून घ्या.

निघायच्या आदल्या सकाळी आजोबा मला कमाटीबागेत, डॉ. आंबेडकरांच्या आठवणीच्या संकल्पभूमीवर घेऊन गेले. 1913 मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, आणि 1917 मध्ये नोकरीसाठी परत आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. "परक्या गावात घर मिळणं म्हणजे काय, ते इथे उभं राहून कळतं," आजोबा एवढेच बोलले. माझ्या पिशवीत तेव्हा कार्ल्सरुहेच्या वसतिगृहाचा भाडेकरार होता. मी तो दिवसभर दोनदा काढून पाहिला.

अहमदाबादला टर्मिनलच्या दारातच निरोप घ्यावा लागतो, तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. ट्रॉल्या, गाड्यांचे हॉर्न आणि मागून ढकलणारी माणसे यांत नीट रडताही येत नाही. आई-बाबांशी जे बोलायचे ते घरी, देवापुढे बोलून घ्या. काउंटर तीन तास आधी उघडला. इमिग्रेशनवर आता फॉर्म भरावा लागत नाही, भारतीय प्रवाशांसाठी तो 2017 मध्येच बंद झाला. अधिकाऱ्याने कुठे, कशासाठी, किती वर्षे विचारले आणि प्रवेशपत्र पाहिले. मी ते फोनमध्ये शोधायला लागले, तेवढ्यात लक्षात आले की छापील प्रत वरच्याच कप्प्यात आहे.

इथे माझी चूक सांगते. तिकीट स्वस्त म्हणून मी आखातातला थांबा सव्वा तासाचा घेतला होता. अहमदाबादहून विमान पाऊण तास उशिरा उडाले. मी एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत धावत पोचले, बॅगेला धावता येत नाही. बेनच्या थेपल्यांचे शेवटचे दोन मी दुसऱ्या विमानात बसल्यावर खाल्ले. थांबा निदान अडीच-तीन तासांचा घ्या, त्यापायी हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

फ्रँकफर्टला पट्टा फिरत राहिला, एक बॅग आली, दुसरी नाही. पट्टा थांबल्यावर बाहेर पडू नका. त्याच दालनात हरवलेल्या सामानाचा काउंटर असतो, तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय कस्टम्सच्या हिरव्या दारातून जाऊ नका. बोर्डिंग पासवर चिकटवलेली सामानाची पट्टी तिथे लागते, बरेच जण ती विमानातच टाकून देतात. बॅगेचा फोटो घरून काढून ठेवला होता, तो दाखवला आणि रंग-आकार समजावण्याचे काम मिनिटात झाले. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. बॅग उशिरा आल्याबद्दल लेखी मागणी करायला, ती हातात पडल्यापासून 21 दिवस मिळतात. जी बॅग आली नाही तिच्यात कुकर, शिधा, रजई आणि सगळे कोट होते. सगळे गरम कपडे एकाच बॅगेत भरणे ही दुसरी चूक. दोन्ही बॅगांत सगळे निम्मे-निम्मे वाटा.

या सगळ्यात दीड तास गेला आणि माझी आगगाडी सुटली. फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनावरून कार्ल्सरुहे तासाभरावर आहे, पण मी घेतलेले स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले होते. नवे काढावे लागले. विमानातून उतरण्याच्या दिवशी कुठल्याही गाडीला चालणारे महागडे तिकीट घ्या, किंवा स्टेशनावर पोचूनच काढा.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती. वसतिगृहाची चावी इमारतीच्या रखवालदाराकडे असते आणि तो सोमवार ते शुक्रवार, ठरलेल्या तासांतच भेटतो. मी शनिवारी उतरणार होते. म्हणून तीन आठवडे आधी ई-मेल करून परवानगी घेतली आणि एका सीनिअर ताईने शुक्रवारी माझी चावी घेऊन ठेवली. तिने तसे केले नसते तर ती रात्र मी कुठे काढली असती हे मला अजून सुचत नाही. जमले तर मंगळवार-बुधवारी उतरा. शनिवारी पोचलात तर तडक दुकानात जा, कारण रविवारी इथे दुकाने बंद असतात. मी दूध, ब्रेड, भाजी आणि एक पांघरूण घेतले. नळाचे पाणी पिता येते, बाटल्या वाहू नका.

हातातल्या बॅगेत काय होते ते सांगते: सगळी मूळ कागदपत्रे, विम्याचा कागद, भाडेकरार, पासपोर्ट साइझचे सहा फोटो, लॅपटॉप, दोन दिवसांचे कपडे, एक स्वेटर, टॉवेल, औषधे, आणि आईने बळेच कोंबलेले उपम्याचे पाकीट व खाकऱ्यांचा डबा. रविवार त्या डब्यावर निघाला.

सोमवारी पत्ता नोंदवायची वेळ मागितली. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि घरमालकाचा सही केलेला कागद लागतो. बँक, निवास परवाना, सगळे पुढे तिच्यावरच चालते. वेळ लवकर मिळत नाही, म्हणून बडोद्यात असतानाच ऑनलाइन मागून ठेवा. नोंदणी झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र येते, महिना 18.36 युरो. ते घोटाळ्याचे पत्र नाही. ती घरटी असते, त्यामुळे एका फ्लॅटमधल्या सगळ्यांत मिळून एकच भरायची. आणि भारतातले सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या. कर्जाचा हप्ता भरायचा राहिला की रात्री अकराला बाबांना उठवावे लागते, तिकडे तेव्हा अडीच वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेतीन.

सोमवारी दुपारी चारला बॅग दारात आली. चाक मोडले होते, मसाल्याची पुडी फुटली होती, कोट तीन धुण्यांनंतरही हळदीचा आहे. चाकासाठी तक्रार सात दिवसांत करायची असते, ती त्याच संध्याकाळी केली.

लटकवून वजन करायचा काटा मी बॅगेत घातला नाही, तो आईकडे ठेवला आहे. मार्चमध्ये आमच्या गल्लीतली आणखी एक मुलगी निघते आहे, पहिला नंबर तिचा. आईने तो देवघरातल्या फळीवर ठेवला आहे, मागायला या.