नव्वद दिवसांनी पुसणार म्हटलेला पत्ता

घरपोच सेवेच्या आमच्या ॲपमध्ये ग्राहकांना शब्द दिलेला आहे: ऑर्डर दिल्यापासून ९० दिवसांनी तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर आमच्याकडून पुसला जाईल. त्यासाठी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये टीटीएल इंडेक्स, म्हणजे मुदत संपली की नोंद आपोआप काढून टाकणारी सोय, लावला होता, ७७,७६,००० सेकंदांचा, म्हणजे ९० दिवसांचा. मुदत संपलेल्या नोंदी डेटाबेसच दर ६० सेकंदांनी शोधून उडवतो. डॅशबोर्डवर उडालेल्या नोंदींचा आकडा रोज वाढत होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

एका दुपारी सपोर्टमधली सहकारी लॅपटॉप घेऊनच टेबलाशी आली. "दादा, या बाई म्हणतायत की घर बदलून वर्ष झालं. मग त्यांचा जुना पत्ता आपल्याकडे अजून कसा?" नोंद १४ महिन्यांपूर्वीची होती. इमारत, मजला, आणि खाली सूचना: 'बेल वाजवू नका, बाळ झोपलेलं असतं.' ते वाचून पोटात गोळा आला.

लगेच क्वेरी चालवली, ९० दिवसांहून जुन्या नोंदी किती? उत्तर शून्य. नोंद डोळ्यांसमोर आणि मोजणी शून्य! अर्धा तास तिथेच अडकलो. मग लक्षात आलं की तारखेला अवतरणचिन्हं आहेत. म्हणजे ती तारीख नव्हतीच, नुसता मजकूर होता. ॲपची एक जुनी आवृत्ती तारीख तशीच मजकूर म्हणून पाठवायची आणि आम्ही ती तशीच साठवत होतो. टीटीएलला डेट (तारीख) या डेटा प्रकाराचंच मूल्य लागतं. मजकूर असेल तर नोंद कायमची राहते, एररसुद्धा येत नाही. तारखेशी तुलना करणाऱ्या क्वेरीतही मजकूरवाल्या नोंदी धरल्या जात नाहीत. ज्या चुकीमुळे नोंदी उरल्या, तिच्यामुळेच त्या मोजणीतूनही निसटल्या.

आधी त्या बाईंचीच नोंद दुरुस्त केली आणि घड्याळाकडे बघत बसलो. मिनिटभरात ती गेली. बाकीच्या मात्र एकदम बदलल्या नाहीत. सगळ्या एका फटक्यात उडायला लागल्या असत्या तर सेकंडरी सर्व्हर, म्हणजे डेटाची प्रत ठेवणारे सर्व्हर, मागे पडले असते. तीन रात्री, थोड्या थोड्या करून, रेप्लिकेशन लॅगवर, म्हणजे त्या प्रती किती मागे आहेत यावर, नजर ठेवत काम संपवलं. डिस्कवरची जागा काही मोकळी दिसली नाही. मोंगोडीबीत डेटा साठवण्याचं काम करणारा वायर्डटायगर ती स्वतःकडेच ठेवतो आणि नव्या नोंदींसाठी वापरतो, तेव्हा डिस्कच्या आकड्यावरूनही पुसणं झालं की नाही हे ठरवता येत नाही.

आता किती उडाल्या यापेक्षा काय उरलं, ते मी बघतो. आमच्या प्रत्येक नोंदीला ऑब्जेक्टआयडी, म्हणजे तिची वेगळी ओळखखूण, आहे. त्याच्या १२ बाइट्सपैकी पहिल्या ४ बाइट्समध्ये तो तयार झाल्याची वेळ असते, तारखेच्या फील्डशी तिचा संबंध नाही. रोज सकाळी त्यावरून सगळ्यात जुनी नोंद काढतो. ती ९१ दिवसांच्या पुढे गेली की फोनवर अलर्ट येतो. शिवाय तारीख डेट प्रकारात नसेल तर नोंद घ्यायचीच नाही, असा नियम कलेक्शनवर, म्हणजे या नोंदींच्या संचावर, घातला.

त्या बाईंना मी स्वतः फोन केला. पत्ता पुसल्याचं सांगितलं आणि बॅकअपमधली प्रत अजून महिनाभर राहील, हेही सांगितलं.