शीव ते बांद्रा: मुंबईतले टेकडीवरचे किल्ले एका दिवसात

मुंबईत राहून आपण राजगड करतो, तोरणा करतो, शुक्रवारी रात्री कसाऱ्याची लोकल पकडून हरिश्चंद्रगडाला जातो, पण शीव (सायन) स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर टेकडीवर एक किल्ला आहे तिकडे कोणी फिरकत नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ते काय आपले किल्ले नाहीत, इंग्रजांचे आणि पोर्तुगीजांचे. मला हे बिलकुल पटत नाही आणि म्हणूनच हे लिहितोय. या किल्ल्यांचा अर्धा इतिहास मराठ्यांच्या धाकाचा आहे, फक्त तो तटाच्या पलीकडच्या बाजूने बघावा लागतो.

आम्ही तिघं होतो, मी, ताई आणि तिचा आठवीतला मुलगा. सकाळी सातला शीव स्टेशन. पूर्वेला उतरायचं आणि कोणालाही 'शीवचा किल्ला' विचारायचं, गुगल मॅप लागत नाही. पायथ्याला नेहरू उद्यान आहे आणि पुरातत्त्व खात्याचं मुंबईचं ऑफिसही तिथेच आहे. सकाळी बागेत नुसती वर्दळ असते, चालणारे, योगा करणारे, लाफ्टर क्लबवाले आजोबा. बागेतून वर जायला पायऱ्या आहेत, चढ छोटा आहे, ताईचा गुडघा दुखतो तरी ती थांबत थांबत आरामात वर आली. तिकीट वगैरे काही नाही.

वर पोचलं की पहिल्यांदा वाटतं एवढंच? पडक्या भिंती, छप्पर गेलेल्या खोल्या, काळा दगड आणि त्यातून फुटलेली पिंपळाची मुळं. पण पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. समोर वडाळा-आणिकच्या बाजूची मिठागरं, त्यामागे चेंबूर, रिफायनरीच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला कुर्ला. आता यातल्या बिल्डिंगी आणि रस्ते मनातल्या मनात पुसून टाका, उरते ती खाडी आणि पलीकडचं साष्टी बेट. १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली पण साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, म्हणजे कंपनीची हद्द या टेकडीपाशी संपत होती आणि पलीकडे दुसऱ्याचं राज्य. म्हणून गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, हा किल्ला इथे उभा राहिला. तेव्हा टेकडी का निवडली ते पुस्तकात वाचून कळत नाही, वर उभं राहिल्यावर एका मिनिटात कळतं.

भाच्याने लगेच विचारलं, "मामा, मग मराठे कुठून आले असते?" मी त्याला कुर्ल्याकडे बोट दाखवून म्हटलं, तिकडून, ठाण्याकडून. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, साष्टी घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. म्हणजे ज्या खाडीपलीकडे कालपर्यंत पोर्तुगीज होते तिथे आता भगवा होता आणि शीवच्या टेकडीवरचा पहारेकरी रोज तेच बघत होता. हे ऐकल्यावर पोरगा अर्धा तास तटावरून हललाच नाही, कुठून काय दिसतं, मधे काय आडवं येतं सगळं वहीत काढत बसला. पलीकडे जायला पक्का रस्ता नव्हता हे पण त्याला सांगितलं, कुर्ल्याला जोडणारा डंकनचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा भराव घातलेला रस्ता, साष्टी इंग्रजांकडे गेल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला.

एक गोष्ट मात्र फार खटकली. भिंतींवर बदाम आणि नावं, कोपऱ्यात बाटल्या. दुपारनंतर वर तसं सुनसान असतं त्यामुळे बायकामुलांना घेऊन जायचं असेल तर सकाळचीच वेळ ठेवा, सात ते दहा बेस्ट. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चांगली ग्रिप असलेले बूट हवेतच. वर पाण्याची सोय धरू नका. उतरल्यावर गुरुकृपाचे सामोसे खा, ते सांगायला नकोच.

तिथून बांद्र्याला जायचे दोन रस्ते. लोकलने दादर, पूल ओलांडून वेस्टर्न लाईन आणि बांद्रा, हा सोपा. आम्ही बसने शीव-बांद्रा लिंक रोडने गेलो कारण मधे धारावीचा काळा किल्ला लागतो. शीवला रिक्षा मिळणार नाही, बस नाहीतर टॅक्सी. काळा किल्ला टेकडीवर नाही, मिठी नदीच्या काठाला आहे, वस्तीने वेढलेला, आणि आत जायला धड वाट पण नाही. पण भिंतीवर जी पाटी आहे तिच्यावर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि साल आहे १७३७. तेच ठाण्याचं साल. भाच्याने न सांगता जोडलं हे, मला काही बोलावंच लागलं नाही. बाहेरून बघून दहा मिनिटांत निघालो.

बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेकडून २११ नंबरची बस फादर अॅग्नेल आश्रमापर्यंत जाते, तिथून किल्ला दोन पावलांवर. लँड्स एंडच्या टोकाला आहे हा, पोर्तुगीजांचा, कास्तेला दे आग्वादा, दरवाज्यावरच्या कोरीव दगडात १६४० साल आहे. कमान बुटकी आहे, आत शिरताना डावीकडे हात लावून बघा, दगड समुद्राच्या वाऱ्याने खडबडीत होऊन गेलाय. माहीमच्या खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसायचं आणि जहाजं इथे गोडं पाणी भरून घ्यायची. पुढे वसईच्या मोहिमेच्या दिवसांत किल्ला मराठ्यांच्या हाती पडून तिथून माहीमवर तोफा डागल्या जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी तो बराचसा पाडला. आपण आज जे बघतो ते त्यातून उरलेलं आहे. त्यानंतर १७७४ पर्यंत हा सगळा भाग मराठ्यांकडे होता, बांद्रासुद्धा. सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आणि तरीही या तिन्हींत सगळ्यात जिवंत किल्ला हाच. २००३ च्या सुमारास आजूबाजूच्या रहिवाशांच्या ट्रस्टने पुढाकार घेतला, शबाना आझमींच्या खासदार निधीतून पैसे मिळाले, दगडांची डागडुजी झाली, वाटा झाल्या, आणि टेकडीच्या उतारावर खुलं अॅम्फिथिएटर आहे त्याचा वापर व्हायला लागला. सेलिब्रेट बांद्रासारखे महोत्सव, गाण्याचे कार्यक्रम, नाटकं इथे होतात. दगडी पायऱ्यांवर बसायचं, समोर स्टेज, स्टेजच्या मागे समुद्र आणि सी लिंक, असं थिएटर मुंबईत दुसरं नाही. आम्ही गेलो तेव्हा कार्यक्रम नव्हता पण कॉलेजची चारपाच मुलं एकांकिकेची तालीम करत होती, एक मुलगी पायऱ्यांच्या सगळ्यात वर उभी राहून ओरडत होती, "ऐकू येत नाही, परत!", आणि खालचा बिचारा तेच वाक्य वाऱ्याच्या विरुद्ध पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताई म्हणाली किल्ल्याचा याहून चांगला उपयोग काय असणार. मला पण तेच वाटतं. माणसांचा राबता असला की भिंतींवर लक्ष राहतं, कोण काय खरवडतंय ते चारजण बघतात. फक्त मोठमोठे स्पीकर आणि तटात खिळे ठोकून लावलेले बॅनर नकोत, पावणेचारशे वर्षांच्या चुन्याला ते झेपत नाही.

शीवला असंच काहीतरी व्हावं असं फार वाटतं. दिवाळीत शीव-माटुंग्याच्या चाळीचाळींत पोरं मातीचे किल्ले करतात, त्यांची स्पर्धा खालच्या बागेत घ्या आणि बक्षीस वाटपाआधी सगळ्यांना वर नेऊन आणा, याला खर्च तरी किती येणार?

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. बांद्र्याला संध्याकाळी या पण जरा लवकर, सूर्य बुडाला की सिक्युरिटीवाले शिट्ट्या मारून बाहेर काढायला लागतात. खाली खडकांवर उतरू नका, भरती कधी चढते कळत नाही आणि तिथे माणसं गेलेली आहेत. सप्टेंबरात मोत माउलीची (माउंट मेरी चर्चची) जत्रा असते त्या आठवड्यात रस्ते तुडुंब असतात, जत्राही करायची असेल तरच तेव्हा जा. नोव्हेंबर ते मे मध्ये जाणार असाल तर सकाळी शीवच्या आधी शिवडी घ्या, हार्बर लाईनवर, तिथला किल्लाही टेकाडावर आहे, समोर अटल सेतू आणि ओहोटी असेल तर चिखलात फ्लेमिंगो. ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा, भरतीला पक्षी लांब जातात. मुलं बरोबर असली तर वही-पेन्सिल द्या आणि साष्टीचा जुना नकाशा फोनमध्ये सेव्ह करून न्या, शीवच्या तटावर उभं राहून तो नकाशा समोरच्या शहराशी जुळवायला मोठ्यांनाही मजा येते.