वहीतले गाडी नंबर

माझ्या कपाटात खालच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. कव्हरवर 'थिअरी ऑफ मशिन्स' लिहिलंय आणि पहिली बारा पानं खरंच त्या विषयाची आहेत. तेराव्या पानापासून गाड्यांचे नंबर सुरू होतात. तारीख, वेळ, नंबर, रंग, गाडी कुणीकडे तोंड करून उभी होती. बहुतेक एमएच 12, मध्येच एखादी एमएच 11, म्हणजे आमच्या साताऱ्याची, आणि तिच्याभोवती लाल पेनानं गोल. जानेवारी 2015 मध्ये तीन आठवडे मी खिडकीत बसून हे लिहीत होतो.

परवा आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे आत्येभाऊ, वयानं बरेच मोठे. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या बॅगेत गांजाची पुडी सापडली. "दारूपेक्षा बरा म्हणतो, झाडपाला आहे म्हणतो. महादेवाला चालतो तर मला का नाही, असं मलाच विचारतो. तू इतकी वर्षं पुण्यात होतास, तूच सांग काय समजायचं." आप्पांना माझं सगळं माहीत नाही. घरानं ते 'टायफॉइड' म्हणून सांगितलं होतं. मी फोनवर नुसतं हूं हूं केलं आणि रात्रभर जागा राहिलो. आता लिहितोय, आप्पांना हेच वाचायला पाठवणार आहे.

मी मराठी माध्यमातला. कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. कर्वेनगरला वन बीएचकेत आम्ही चौघं राहायचो. 2012 च्या पावसाळ्यात टेकडीवर पहिल्यांदा ओढला तेव्हा काहीच झालं नाही, नुसता ठसका लागला. तिसऱ्यांदा मात्र झालं. मी बोलायला लागलो, हसायला लागलो, पोरं माझं ऐकायला लागली. हे सांगितलंच पाहिजे. मोठी माणसं नुसतं 'वाईट, वाईट' म्हणतात आणि पोरांना पहिल्याच दिवशी कळतं की हे खोटं बोलतायत. मला गांजानं आधी काहीतरी दिलं होतं. ते मला फार हवं होतं.

शंभर रुपयांची पुडी यायची. वर्तमानपत्रावर ओतायची, काड्या काढायच्या, बिया निवडायच्या. एखादी बी राहिली तर जॉइंटमध्ये फट्कन फुटायची आणि शर्टाला भोक पडायचं. मी निवडायला बसलो की एकही बी राहायची नाही. आई सुपात तांदूळ निवडते तसं मी निवडायचो. तिसऱ्या वर्षाला रोज रात्री, चौथ्या वर्षाला सकाळी आंघोळीच्या आधी. त्या दिवाळीनंतर एकानं हिमाचलातून चरस आणला, म्हणजे त्याच झाडाची कडक राळ, आणि मग पुडीतल्या गांजानं काही व्हायचंच बंद झालं.

'पॅरा होणं' हा शब्द आमच्यात रोजचा होता. ओढल्यावर एखादा गप्प व्हायचा, दाराकडे बघायचा, "खाली कोण बोलतंय?" विचारायचा. मग बाकीचे म्हणायचे, "पॅरा झालाय, साखर दे त्याला." साखर, लिंबू सरबत, तोंडावर पाणी, झोप. सकाळी माणूस पूर्ववत. म्हणून कुणीच घाबरायचं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 121 जणांवर केलेला एक प्रयोग मी नंतर वाचला. काहींना शिरेतून टीएचसी दिलं, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, आणि काहींना नुसतं सलाईनसारखं काहीतरी. टीएचसी मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या मनात लोकांबद्दल संशय आला, दुसऱ्या गटात 30 टक्क्यांच्या. तेव्हा पॅरा होणं हे काही नवलाचं नाही. अंमल उतरला की बहुतेकांचं तेही उतरतं.

माझं एका सकाळी उतरलं नाही.

आमचा डबा जवळच्याच एका काकूंकडून यायचा. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत चटणी किंवा लोणचं, पिशवीला रबर. रबर कधी लाल, कधी पिवळा. त्या सकाळी पिवळा होता आणि मला कळलं की पिवळा का आहे. 'कळलं' हा शब्द मी नीट विचार करून लिहितोय. मला संशय आला, भीती वाटली, असं काही आधी झालंच नाही. अवघड गणित सुटल्यावर डोक्यात लख्ख होतं ना, तसं झालं. पिवळा रबर म्हणजे आज डब्यात काहीतरी आहे. लाल रबर म्हणजे ते आज थांबलेत. ते कोण? ते पुढच्या चार दिवसांत हळूहळू कळत गेलं. समोरच्या दुकानाचा नवा कॅमेरा, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवण्याचा आवाज, रूममेटनं फोन उलटा ठेवणं. सगळं एकमेकांत बसत होतं. तोवर मी ओढणंही थांबवलं होतं, कारण मालातही काहीतरी मिसळलंय हे मला कळलं होतं. डबा तसाच परत जायचा. मी बिस्किटं खायचो, तीही पुडा स्वतः फोडून. रूममेट म्हणायचे, "अरे असं काही नाहीये." मग मला कळलं की हेही त्यांच्यातलेच.

म्हणून आप्पा, तुमचा मुलगा 'मला काही होत नाही, झालं तर मला कळेल ना' असं म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका. ज्यानं कळायचं तेच आधी बिघडतं.

रूममेटनी ताईला फोन केला. ताई तेव्हा सिंहगड रोडला राहायची, लग्नाला दोन वर्षं झालेली. मी तिला दार उघडलं नाही. अण्णा आणि आई रात्रीच्या एसटीनं आले, तेव्हा कुठे उघडलं. आईनं अंगारा लावला. शेजारच्या एकीनं 'बाहेरचं' काढणाऱ्याचा पत्ता दिला. अण्णा मला एका व्यसनमुक्ती केंद्रातही घेऊन गेले. तिथं डॉक्टर कोण आहेत, हे विचारल्यावर कुणी धड उत्तर देईना. सहा महिन्यांचे पैसे आधी भरा आणि मुलाला भेटायचं नाही, एवढंच सांगत होते. आतल्या खोलीतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला आणि अण्णा माझा हात धरून बाहेर पडले. अण्णा प्राथमिक शिक्षक. फारसं बोलणारे नव्हेत. रस्त्यावर येऊन त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि ताईला म्हणाले, "डॉक्टर बघ. खरा."

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा. दुसरा, "किती ओढायचास?" भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात. मी खरं सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मग त्यांनी आईला विचारलं, "तुमच्याकडे किंवा यांच्याकडे कुणाला असा त्रास होता का? संशय, एकटं बोलणं, घरातून निघून जाणं?"

आई म्हणाली, "नाही हो. आमच्यात कुणी नाही."

पंखा फिरत होता. ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "मामा."

आईनं पदर तोंडाला लावला. मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आम्ही सुट्टीत आजोळी जायचो तेव्हा मामा माडीवर असायचा, हातात रेडिओ, त्यात सेल नसायचे, तरी कानाशी धरून ऐकायचा. पोरांनी वर जायचं नाही, मामाला उन्हाचा त्रास आहे, एवढंच आम्हाला सांगितलेलं. त्या दिवशी आईनं पहिल्यांदा सांगितलं की 1988 साली मामा तीन महिने येरवड्याला होता, मनोरुग्णालयात. त्याआधी गावाबाहेरच्या मठात चिलीम ओढणाऱ्यांत बसायचा. गावानं म्हटलं चिलमीनं गेला, आजीनं म्हटलं कुणी करणी केली. कुणाचंच धड खरं नव्हतं. आणि ताईला हे सगळं माहीत होतं, मला नव्हतं. पोरगा आहे, लग्नाचं बघायचंय, उगाच त्याच्या डोक्यात कशाला. मी आईला दोष देत नाही. ती माडी तिनं पंचवीस वर्षं एकटीनं सांभाळली होती.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, त्यासाठी ही सगळी कथा. आम्ही चौघं एकाच पुडीतलं ओढायचो. तिघं आज नोकऱ्या करतात, पोरंबाळं आहेत, काही झालं नाही. गांजा चांगला की वाईट यावर दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात आणि आपापले पुरावे आणतात. गांजावाले इंग्रजांनी 1893-94 मध्ये भांग-गांजाच्या चौकशीला नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनचं नाव घेतात, की त्यांनी गांजाला निर्दोष सोडलं. कमिशननं वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरं तपासली तेव्हा दिसलं की कारणाच्या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून 'गांजा' लिहून टाकलेला असायचा. हे खरं आहे. पण त्याच कमिशननं हेही म्हटलंय की बेतानं घेणाऱ्याला मनाचा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याचं मन दुबळं होतं आणि त्याला वेडही लागू शकतं. तो दुसरा भाग कुणी सांगत नाही.

पुढचं काम स्वीडनचं. सैन्यभरतीला आलेल्या 45,570 तरुणांची 15 वर्षांची माहिती 1987 साली छापून आली. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भ्रम आणि भास होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण कधीच न ओढलेल्यांच्या सहापट होतं. सहापट म्हणजेही बहुसंख्यांना काहीच झालं नाही. मग कुणाला होतं? पोरवयात सुरू करणाऱ्यांना जास्त, रोज ओढणाऱ्यांना जास्त, कडक माल घेणाऱ्यांना जास्त, आणि ज्यांच्या घरात माडीवर कुणीतरी होतं त्यांना जास्त. मी या चारही रांगांत उभा होतो, आणि चौथी रांग मला कुणी दाखवलीच नव्हती.

डॉक्टरांनी मला मेंदूचं सांगितलं ते असं. आपलं शरीर स्वतःच गांजाच्या जातीचा एक पदार्थ थोडाथोडा बनवतं. 1992 साली तो सापडला तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याला आपल्या 'आनंद' या शब्दावरून अनंदमाइड नाव दिलं. तो जिथं बसतो तिथंच टीएचसी जाऊन बसतं, पण जास्त जोरानं आणि जास्त वेळ. दिवसभरात हजार गोष्टी दिसतात, त्यातली महत्त्वाची कुठली आणि सोडून द्यायची कुठली, हे निवडणारी चाळणी त्यानं बिघडू शकते. मग रबराचा रंगही महत्त्वाचा होऊन बसतो. मला हे फार पटलं. मी बिया निवडायचो, ते आठवलं.

रिस्पेरिडोन ही भ्रमावरची गोळी सुरू झाली, 2 मिलिग्रॅमपासून. पहिले काही दिवस अंग आखडायचं, पाय एका जागी ठरायचे नाहीत. त्यावर आणखी एक गोळी. वजन वाढलं. सहाव्या दिवशी मी डबा खाल्ला. पिवळ्या रबराचा अर्थ एकदम गेला नाही, आधी तो फिका झाला.

आठ महिन्यांनी गोळ्या बंद केल्या, मनानंच. डिसेंबर 2016 मध्ये मित्राच्या हळदीला गच्चीवर दोन झुरके घेतले, फक्त दोन. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या माझ्यासाठी होत्या. या वेळी बरं व्हायला पाच महिने लागले. डेन्मार्कमध्ये अशा लोकांचा 20 वर्षं मागोवा घेतला, ज्यांना गांजामुळे भ्रम झाला होता. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी अति निराशेत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं. म्हणजे 'नशा होती, उतरली' म्हणून फाइल बंद करता येत नाही. आज मी लहान डोसवर आहे, साताऱ्यात एमआयडीसीत नोकरी करतो. लग्नाआधी बायकोला वहीसकट सगळं दाखवलं.

आप्पा, पोराला मारू नका, कॉलेज सोडवून घरी आणू नका. पोलिसांना घाबरून डॉक्टर टाळू नका; गांजा ओढणं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानं गुन्हा आहे, पण जो व्यसनी सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचार घेतो त्याला त्याच कायद्याच्या 64-ए कलमानं खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 ला फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात. त्याला झोप किती लागते, जेवण कसं आहे, एकदम कुणाकुणाशी बोलणं तोडलंय का, ते विचारा. आणि मामा त्याच्या रक्ताचा नाही, पण तुमच्या सासरच्या माणसांत कुणी होतं का, हे वहिनींना विचारा, मग त्याला सांगा. घरातलं काही लपवू नका.

वही जाळून टाक, असं आई म्हणत असते. मागच्या वर्षी ताई आली होती तेव्हा आम्ही दोघं ती चाळत बसलो. एका पानावर तिचं बोट थांबलं. 17, 18 आणि 20 जानेवारी, संध्याकाळी साडेसहा ते आठ, पांढरी स्कूटी, तोच नंबर तीनदा. शेवटच्या नोंदीपुढे मी लिहिलं होतं: 'बाई. वर येत नाही. नुसती खिडकीकडे बघते.'

ताई म्हणाली, "तू दार उघडत नव्हतास ना. मग लाइट लागलाय का बघायचे आणि जायचे."