काकूंनी उचललेलं छत

नाशिकच्या अंबडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ग्रिल, गेट, जिने ही नेहमीची कामं. गेल्या उन्हाळ्यात इंदिरानगरचे एक निवृत्त काका वहीत काढलेली चित्रं घेऊन आले. कारमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर ते घरीच पार्किंगमध्ये बांधत होते. चासी आणि प्लायची पेटी तयार होती. वर उघडणारं छत माझ्याकडून हवं होतं. अट एकच. "माझा खांदा गेलाय. छत हिला एकटीला उचलता आलं पाहिजे."

बिजागरी पुढच्या बाजूला, हे मी लगेच सांगितलं. मागे घेतली आणि कसारा घाटात कडी निसटली, तर समोरचा वारा छत उलटवून टाकतो. बिजागरी पुढे असली की तोच वारा ते दाबून धरतो.

छत २.४ मीटर लांब, वजन ४८ किलो भरलं. डिकीला असतात तसे दोन गॅस शॉकअप लावले, प्रत्येकी ८०० न्यूटनचे, म्हणजे साधारण ८० किलो रेट्याचे. दोन्ही मिळून १६० किलो. ४८ किलोला भरपूर झाले, असं मी धरून चाललो.

चाचणीच्या दिवशी काकूंनी मागची कड धरली. छत चार बोटं वर आलं आणि त्यांचे हात थरथरायला लागले. काका धावले आणि त्यांनी नेमका दुखरा खांदाच खाली लावला. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

छत उतरवलं आणि फरशीवर खडूनं आकृती काढली. छताचं वजन बिजागरीपासून १.२ मीटरवर लागतं. बिजागरीभोवती फिरवणारा जोर म्हणजे वजन गुणिले हे अंतर: ४८ गुणिले १.२, जवळजवळ ५८. शॉकअप मात्र बंद छताखाली आडवे झोपलेले. त्यांच्या जोराची रेघ बिजागरीच्या जेमतेम १० सेंटीमीटरवरून जात होती. १६० गुणिले ०.१, फक्त १६. उरलेले ४२ काकूंवर; मागची कड बिजागरीपासून २.४ मीटरवर, म्हणून ४२ भागिले २.४, हाताला साडेसतरा किलो. जोर किती, एवढंच मी पाहिलं होतं. तो कुठून लागतो, हे पाहायचं राहिलं.

शॉकअप बदलायची गरजच नव्हती. खालची ब्रॅकेट २० सेंटीमीटर खाली घेतली, ते १० सेंटीमीटर २५ झाले, हाताला साडेसात किलो उरले. नुसत्या प्लायवर हा रेटा टिकत नाही, म्हणून बोल्ट आतल्या चौकोनी पाइपला घेतले. गॅस वर्षागणिक कमी होतो, त्यासाठी दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू आणि पिन.

दिवेलागणीला काकूंनी पुन्हा हात घातला. छत थोडं उचललं गेलं, मग शॉकअप उभे होत गेले तसं ते त्यांच्या हातातून आपसूक सुटून मीटरभर वर गेलं. मी पिना घातल्या. काकू आत शिरल्या, सरळ उभ्या राहिल्या, वर हात लावून पाहिला.

"अहो, आत या. डोकं लागत नाही."