थंडीतला हेकरू: उथळ पाण्यात ट्रोलिंग करायचं तर

नाशिकहून समुद्र जवळ म्हणजे जव्हारमार्गे डहाणू-पालघर. पण हेकरूच्या (म्हणजे गोब्रा, इंग्रजीत ग्रूपर) ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या होडीमागे लूर (नकली मासा) ओढून तो पकडायला, ती बाजू सोडलेलीच बरी. हेकरू तिथल्या खडपातही आहे, मात्र तो आमिषाच्या गळाला येतो. पाणी गढूळ, भरती-ओहोटीची ओढ मोठी, आणि लूर माशाला आधी दिसावा लागतो. मुंबईकडे उधाणाला भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणकडे साधारण तिच्या निम्म्यावर. म्हणून रात्रभराचा रस्ता धरून रत्नागिरीच्या खाली उतरायचं. मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग त्यातच येतो. तिथे लूर टाकायचा नाही.

रविवार बघून निघाल तर निम्म्या वेळा गढूळ पाण्यात फिराल. तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळ ढवळला जातो. भांगाचं पाणी निवळ असतं, म्हणजे अष्टमी ते एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या. भांगाच्या दिवसांत सकाळ सुरू होते ती भरलेल्या पाण्याने, आणि तुम्ही पुढे उतरत्या पाण्यात ओढत असता. ओहोटी खाडीतला गाळ बाहेर आणते, त्यामुळे खाडीच्या तोंडाजवळचा खडक आधी उरकायचा आणि मग टोकाकडे सरकायचं.

वाऱ्याचं गणित वेगळं. पहाटेचा मतलई वारा किनाऱ्यावरून सुटतो, त्यात पाणी सपाट राहतं. दुपारी खारा वारा उठला की लाटा होडीचा वेग बिघडवतात. निफाडचा पारा एकदम घसरल्याची बातमी आली की पुष्कळदा समुद्रावरही उत्तरेचा वारा जोर धरतो. अशा वेळी तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) फोन करूनच बॅग भरा.

आता मुख्य काम: लूर तळाला घासेल-न-घासेल इतका खाली ठेवणं. हेकरू कपारीत बसून वाट बघणारा मासा. डोक्यावरून दीड-दोन मीटर उंचीने काही गेलं तर बहुतेक वेळा उठत नाही. पाच-सहा मीटर पाण्यासाठी लांब ओठाचा (तोंडापुढे पाण्यात खाली नेणारी पट्टी असलेला), २० फूट खोल जाणारा, तरंगणारा लूर घ्या. तरंगणारा अशासाठी, की खडकात टेकला आणि दोरी ढिली सोडली की पुष्कळदा आपणच सुटून वर येतो. बुडणारा लूर तिथेच राहतो, आणि आजचे भाव बघता ते परवडत नाही.

पाकिटावर लिहिलेली खोली ठरावीक दोरी आणि ठरावीक वेग धरून असते. बारीक ब्रेडवर (विणलेल्या दोरीवर) लूर जास्त खोल जातो, जाड मोनोवर (एकपदरी नायलॉनवर) वरच राहतो. दोरी वाढवली की खाली जातो, पण एका हद्दीपर्यंतच. वेग तीन ते साडेचार नॉट ठेवा. त्याहून पळवला तर लूर खोल जाण्याऐवजी आडवा होऊन वर येतो. दर १० मीटरला रंग बदलणारी ब्रेड घेतली की किती दोरी बाहेर आहे ते बघताच कळतं. ओहोटीने पाणी मीटरभर उतरलं तर तेवढ्या बेताने दोरी आत घ्यायची. हे विसरलं की दर दोन मिनिटांनी अडकणं सुरू.

रॉडचं टोक बघत राहा. लूर नीट पोहत असेल तर टोक बारीक, सारखं थरथरतं. तळाला टेकला की ठक-ठक असे तुटक धक्के येतात, आणि ते अधूनमधून यायलाच हवेत. थरथर थांबली म्हणजे ओठाला शेवाळ अडकलंय. तसाच ओढत राहिलात तर अर्धा तास वाया. लूर एका बाजूला पळत असेल तर ज्या बाजूला पळतो तिच्या उलट बाजूला पुढची कडी पकडीने अगदी किंचित वाकवा. हे नाशिकमध्येच, कुठल्याही स्वच्छ पाण्याच्या काठावर तपासून निघणं शहाणपणाचं.

दोनच रॉड लावा, एक २० मीटरवर, दुसरा ३० ते ३५ वर. चार लावले की पहिल्याच वळणावर गुंता. वळताना आतल्या बाजूचा लूर मंदावून वर येतो, बाहेरचा वेग घेतो. मासा कुठल्यावर लागला, त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा ते ठरतं.

सामान आखूड आणि दणकट: साडेसहा फुटांचा रॉड, ५० पाउंडाची ब्रेड, ८० पाउंडाचा दीड-दोन मीटर लीडर (लूरच्या आधीची जाड दोरी). ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सात-आठ किलोवर. रॉड सहज हातातून जाईल एवढा हा जोर आहे, म्हणून रॉडचा होल्डर होडीच्या फायबरला आरपार बोल्टने कसलेला हवा. लूरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावा. कपारीत कमी अडकतात आणि सोडवताना बोटात घुसत नाहीत.

सगळं जिंकणं-हरणं पहिल्या पाच सेकंदांत. मासा लागला की तांडेलाचा हात सवयीने इंजिन बंद करायला जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. होडी थांबली की दोरी ढिली पडते, हेकरू वळून कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून अडकून बसतो. होडी त्याच वेगाने पुढे राहिली तर तीच त्याला खडकापासून ओढून काढते. तळापासून चार-पाच मीटर सुटला की मग वेग कमी करा आणि रीळ फिरवा. ‘मी सांगेपर्यंत इंजिन चालू’ हे निघण्याआधीच तांडेलाशी ठरवून घ्या, धावपळीत कोणी कोणाचं ऐकत नाही.

तरी शिरलाच, तर जोर लावू नका, लीडर खडकावर घासून तुटतो. दोरी पूर्ण ढिली सोडून तीन-चार मिनिटं थांबा, होडी उलट बाजूला न्या आणि मग एकदम खेचा. पुष्कळ वेळा निघतो. तोवर जीपीएसवर जागा नोंदवा, एका खडकावर एकटाच हेकरू क्वचित असतो.

लहान असेल तर सोडून द्या. हेकरू आधी मादी असतो आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात, त्यामुळे लहान मारले तर दोन्हींकडून तूट. उथळ पाण्यातून आलेल्याचं पोट फुगलेलं नसतं, सोडला की सरळ खाली जातो. धरताना हातमोजे घाला. पाठीचे काटे आणि कल्ल्यावरचे चपटे काटे दोन्ही फाडतात.

ठेवायचा असेल तर लगेच कल्ला कापून रक्त काढा, आतडी आणि कल्ले काढून टाका, माशाच्या वजनाइतका बर्फ घाला. पेटीच्या तळाची तोटी उघडी ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा भिजता कामा नये. घाट चढून येईपर्यंत एकदा बर्फ बदलावा लागतो. खवले घरी आल्यावरच काढा, खवल्यांसकट मांस जास्त टिकतं.