नागपुरात स्विच २ घ्यायला जाताय? आधी हे वाचा

नागपूरच्या बाजारात निंटेंडो स्विच २ हा गेम खेळायचा कन्सोल मिळतो, पण विकणाऱ्या बहुतेकांना तो काय आहे हे माहीत नाही. माहीत नसणं मी समजू शकतो. माहीत नसताना छातीठोकपणे वाट्टेल ते सांगून पैसे घेणं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. राग अजून उतरला नाहीये, म्हणून आजच लिहून टाकतो.

मी आणि भाचा सकाळच्या गाडीने वर्ध्याहून निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नागपूर स्थानकावरून मेट्रोची ॲक्वा लाइन धरा, दुसरं स्थानक सीताबर्डी. बाहेरच्या ऑटोच्या भावात पडूच नका. दिवसभर उन्हात पायपीट होते, तेव्हा पाण्याची बाटली आणि पॉवर बँक जवळ असेलच असं धरून चालतो.

बर्डीत पहिल्याच मोबाइलच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने लगेच डबा काढला. "हाच नवीन आहे जी, डब्बा बदलला फक्त." तो जुन्या स्विचचा २०२१ चा ओएलईडी मॉडेल होता आणि भाव सांगत होता नव्याचा. नवा स्विच ५ जून २०२५ ला आला. डब्यावरचा मॉडेल नंबर वाचा. नव्यावर बीईई-००१ असतो, ओएलईडीवर एचईजी-००१. नव्याचा स्क्रीन ७.९ इंच आहे, ओएलईडीचा ७. भाच्याने नंबर दाखवला तरी तो मुलगा "एकच आहे" म्हणत राहिला. आम्ही निघालो.

मॉलमधल्या मोठ्या दुकानात वेळ घालवू नका. तिथे प्लेस्टेशनची खडानखडा माहिती मिळते, कारण सोनी भारतात अधिकृतपणे विकते. दुकानात डेमो असतो, फलक असतो, कंपनीचा माणूस येऊन शिकवून जातो. निंटेंडोची भारतात अधिकृत विक्रीच नाही. जो माल येतो तो बाहेरून आणलेला. त्यामुळे विकणाऱ्याच्या हातात माहितीचा एक कागदही नसतो आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, बस.

आता धरमपेठ. शंकरनगर चौक स्थानकावर उतरून थोडं चाललं की एक चकाचक दुकान लागतं, नाव सांगत नाही. तिथे खरोखर स्विच २ होता. दोन डबे समोर ठेवले, एक दुसऱ्यापेक्षा दहा हजारांनी स्वस्त. "दोन्ही सेम आहेत भाऊ, हा वाला जपानचा लॉट आहे." भाच्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, उघडून चालू करा. नाही-होय करत त्याने चालू केला, तर सगळा मेन्यू जपानीत. "सेटिंगमध्ये जाऊन बदलते." बदलत नाही! जपानच्या बाजारासाठीचा हा वेगळा मॉडेल आहे. २०२५ मध्ये आला तेव्हा तिथे तो ४९,९८० येनला होता आणि अनेक भाषांचा ६९,९८० येनला. स्वस्तातल्यात भाषा फक्त जपानी आणि निंटेंडोचं खातंही जपानचंच जोडता येतं. हे कळल्यावर त्या माणसाचा चेहरा पाहिला. त्यालाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं होतं. तोपर्यंत असे किती डबे गेले असतील याचा विचार करून मला खरंच वाईट वाटलं.

मग दुसरा डबा. त्याचे ६६ हजार, पण "नुसता देत नाही, कॉम्बो घ्यावा लागते". कॉम्बो म्हणजे टेम्पर्ड ग्लास, कव्हर आणि १२८ जीबीचं मेमरी कार्ड. कव्हर जुन्या स्विचचं, त्यात नवा शिरेचना. कार्ड साधं मायक्रोएसडी, आणि स्विच २ वर गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे वेगळं, जास्त वेगवान कार्डच लागतं. साध्या कार्डावरून जुने फोटो-व्हिडिओ तेवढे आत घेता येतात. मी हे सांगितल्यावर मॅनेजर उठून आला आणि म्हणाला, "सगळं चालते हो सर, आम्ही रोज विकतो." कार्ड घालून दाखवा म्हटलं तर गिऱ्हाइकांची गर्दी आठवली.

हे चालू असताना काउंटरवरचा मुलगा ग्लास लावायला बसला होता. त्याने मशीन पालथा हातरुमालावर घेतला, सरळ केला आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं. तिथे पातळ फिल्म असते. नवीन मोबाइलवरचं प्लास्टिक काढतात तशी तो ती सोलू लागला होता. भाचा जोरात ओरडला, "अरे थांब दादा!" ती फिल्म काढायची नसते. स्क्रीन फुटली तर काचा उडू नयेत म्हणून कंपनीने ती लावलेली असते आणि काढू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. ग्लास लावायचाच तर तिच्यावरून. कोपरा राईएवढा उचललेला राहिलाच. तो मशीन आम्ही घेतला नाही, आणि तासभर उभं राहून घसा कोरडा झाला तो वेगळाच. या दुकानात कोणी जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तुमच्या समोर कोणीही स्क्रीनला नख लावू लागला तर हात धरा, संकोच करू नका.

एवढं झाल्यावर परत वर्ध्याला जाऊ असं मी म्हणत होतो, पण भाचा ऐकेना. सीताबर्डीला गाडी बदलून कस्तुरचंद पार्कला उतरलो आणि चालत सदर गाठलं. एका लहानशा दुकानात विशीतला पोरगा बसला होता. त्याने आपणहून सांगितलं की हा अमेरिकेचा मॉडेल आहे, इंग्रजी चालते, कार्ड एक्सप्रेसच घ्या, पण माझ्याकडे नाही. "नाही" हा शब्द दिवसभरात पहिल्यांदा ऐकला आणि इतका आनंद झाला की भावात घासाघीस करायचं त्राणही उरलं नव्हतं. ५९,५०० घेतले. अमेरिकेत तो २०२५ मध्ये ४४९.९९ डॉलरला आला होता हे मला माहीत आहे, तरी मी समाधानाने दिले.

त्याच्याच टीव्हीला डॉक, म्हणजे मशीन टीव्हीला जोडायचा स्टँड, लावून बघितलं. हे तुम्हीही करा. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवा, कारण पहिलं अपडेट घेतल्याशिवाय जुन्या स्विचची गेम कार्डं चालत नाहीत. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे मशीनच्या बाजूंचे कंट्रोलर, काढून परत लावा. आता ते चुंबकाने बसतात, जुने जॉय-कॉन मशीनला बसत नाहीत, फक्त वायरलेस जोडता येतात. जुना डॉकही चालत नाही, कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. गेम घेताना डब्यावर "गेम-की कार्ड" लिहिलंय का बघा. त्या कार्डात गेम नसतोच, सगळा डाउनलोड करावा लागतो, आणि मशीनमध्ये जागा २५६ जीबीच आहे. गावाकडे नेट रडतखडत चालत असेल तर असली कार्डं घेऊ नका. भारताचं ई-शॉप, म्हणजे निंटेंडोचं ऑनलाइन गेमचं दुकान, नाही, खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं, आणि रिचार्ज कोड त्याच देशाचा लागतो.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, मशीनशी जुळवूनच पैसे द्या.

आणि चार्जर. पिन अमेरिकेची चपटी असते. धरमपेठेत याच्यासाठी १,८०० रुपयांचा व्होल्टेज कन्व्हर्टर गळ्यात मारत होते. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं आहे, आपल्या घरच्या विजेवर तो थेट चालतो. बर्डीच्या फूटपाथवर पिन बदलायचा साधा सॉकेट मिळतो, तेवढा घ्या.